शनिवारचं पान

इंग्रजीच्या त्या वर्गाचे नियम मी लिहिले होते, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून लोक म्हणायचे की कल्पना वकीलसाहेबांची, जागा त्यांची, पैसाही त्यांचाच. ते सगळं खरं आहे. पण नियम माझे होते, आणि जे बिघडलं ते जागेमुळं किंवा पैशामुळं बिघडलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षं अवकाश होता. मी बेळगावात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. वकीलसाहेब आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. वकिली जोरात चालायची, पण माणूस मनानं मोकळा, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्या मागं लागणारा. वरच्या कोर्टाच्या इंग्रजी कागदावर अंगठा उमटवणारे खेड्यातले अशील पाहून त्यांना रोज चीड यायची. "मास्तर, हा मनुष्य स्वतःच्या जमिनीबद्दल काय लिहिलंय ते मला विचारतो. उद्या मी वाटेल ते सांगितलं तर?" असं ते म्हणायचे. मराठी चार इयत्ता झालेली हुशार पोरं खेड्यापाड्यांत गुरांमागं आणि शहापूरच्या मागांवर बसून होती. इंग्रजी शाळेची फी त्यांना झेपणारी नव्हती. अशांना शाळा सुटल्यावर संध्याकाळी फुकट इंग्रजी शिकवायचं, दोन वर्षांत तयार करून हायस्कुलात घालायचं आणि तिथली फी शिष्यवृत्ती म्हणून आपण भरायची, असा बेत ठरला.

सबंध पावसाळा आम्ही त्या बेतात घालवला. त्यांच्या कचेरीच्या खोलीत, अशील गेल्यावर, मी फुलस्केप कागद पुढं ओढून बसायचो आणि ते येरझाऱ्या घालत बोलायचे. वय बारा ते सोळा. रोज साडेपाच ते साडेसात. वह्या, पुस्तकं, दिव्याचं तेल आमच्याकडून. माझं अक्षर वळणदार होतं आणि मला त्याचा गर्व होता. नियम लिहिताना मी एकेक शब्द असा तोलून टाकत होतो की जणू मुंबई सरकार ते छापणार आहे.

एका संध्याकाळी ते थांबले आणि म्हणाले, "आसपासची मुलं रात्री घरी जातील. पण लांबून कुणी आला तर? झोपेल वर्गात. जेवेल कुठं?"

मी वर न बघताच म्हटलं, "वार लावू."

हे उत्तर द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, कारण मी स्वतः वारांवर वाढलो होतो. माझं गाव चिकोडीजवळ. वडील भजन-कीर्तनात रमलेले, महिना महिना घरी न येणारे. आई लोकांकडं दळणकांडण करायची. मी बाराव्या वर्षी बेळगावात आलो आणि सात घरी सात वार लावून जेवलो. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मॅट्रिक झालो तेव्हा त्या सातांपैकी पाच घरच्या बायकांनी मला ओवाळलं होतं. आमच्या लोकांत गरीब विद्यार्थी ही जवळजवळ पदवी होती. दारात उभं राहून "मी विद्यार्थी आहे, माझा वार घ्याल का" असं विचारायला मला कधी लाज वाटली नाही. किंवा वाटली असेल, ती मी पुढं विसरलो. इतरांना ओवाळल्याचं तेवढं सांगायचो.

वर्ग दसऱ्याला सुरू झाला. नऊ मुलं. शहापूरच्या विणकरांची चार, बाकी जवळच्या वाड्यांमधली. लांबून आलेला एकच होता, गुंजीचा. त्याच्याविषयी तिथल्या स्टेशनमास्तरांनी मला पत्र पाठवलं होतं, आणि ते वाचून मी वकीलसाहेबांच्या घरी जवळजवळ पळत गेलो होतो.

पोरगं पंधरा वर्षांचं. घरच्या म्हशीचं दूध घेऊन रोज सकाळी स्टेशनमास्तरांकडं जायचं. भांडं रिकामं होईपर्यंत कचेरीच्या दाराशी उभं राहायचं. आत तारेचं यंत्र कडकडत असायचं. एके दिवशी स्टेशनमास्तरांना बाहेरून तोच कडकडाट ऐकू आला. पोरगं दुधाच्या पितळी झाकणावर बोटानं वाजवत होतं, आणि आत्ताच येऊन गेलेली तार जशीच्या तशी वाजवत होतं. इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं. नुसतं ऐकून ऐकून बोटात बसलं होतं. 'याला इंग्रजी आलं आणि अठराच्या आत परीक्षेला बसवता आलं, तर हा तारबाबू होईल, आणि न झाला तर माझ्या नोकरीत मी पाहिलेलं सर्वांत मोठं नुकसान ते असेल,' असं त्यांनी लिहिलं होतं.

त्या पत्रावरून त्याचा बाप तयार झाला. मला तेव्हा बाप भेटला नाही, पोरगंच एकटं आलं. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. बापानं दोन्ही वेळच्या भातासाठी तांदूळ दिला होता, सोबत एक पातेलं आणि तिखटामिठाची डबी. मी त्याला म्हटलं, "सकाळी कर तुझं तू. संध्याकाळी चूल फुंकण्यात तुझा तासभर जाईल. मी सात घरं बघून ठेवलीत. रोज एकीकडं जेवायचं आणि येऊन अभ्यासाला बसायचं."

तो म्हणाला, "तांदूळ हाय की गुरुजी, आप्पानं दिलाय."

"तांदूळ राहू दे. वेळ कुठून आणशील?"

त्यानं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं. त्याला ते पटलं, असं मी धरलं.

शनिवार आमच्या घरचा होता. माझी बायको मायाळू आहे, हे मी नवरा म्हणून नव्हे, सगळी गल्ली सांगेल म्हणून सांगतो. ती त्याच्यासाठी शनिवारी मुद्दाम काहीतरी जास्त करायची. पण कुणब्याचं पोर आत पंगतीला कसं बसवणार? त्याचं पान ओसरीवर मांडलं जायचं. ती सोवळ्यात असली तर वरूनच भात सोडायची. जेवण झालं की त्यानं पान उचलून टाकायचं आणि जागेला शेण लावायचं. हे तिनं त्याला शिकवावं लागलं नाही. पहिल्या घरी कुणीतरी शिकवलं असेल, कारण तो आमच्याकडं आला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मीही पान उचलतच होतो लहानपणी, मग त्यानं उचललं तर काय झालं, असा माझा हिशेब. मी आत पंगतीच्या टोकाला बसत होतो आणि हा बाहेर एकटा होता, एवढा फरक मला दिसला नाही. मला असं म्हणावंसं वाटतं की दिसला नाही. खरं म्हणजे दिसत होता, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

अभ्यासात मात्र तो सुसाट सुटला. अक्षरं आठवड्यात झाली. मग स्टेशनमास्तरांनी लिहून पाठवलेल्या तारेच्या खुणांवरून त्यानं प्रत्येक अक्षर बाकावर वाजवून बघितलं, आणि जे आजवर नुसतंच वाजत होतं त्याला एकेक रूप येत गेलं. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, गुंजीत दर सकाळी पहिली तार काय येत हुती ते मला आज कळलं."

"काय येत होती?"

"गाडी सुटली म्हनून सांगत हुते." मग तो हसला. इतक्या दिवसांत तो हसलेला मी तेव्हाच पाहिला.

दिवाळीनंतर वकीलसाहेबांनी वर्गासाठी देणग्या जमवायचं मनावर घेतलं. पुढल्या वर्षी वीस मुलं घ्यायची होती. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी पैसेवाले होते आणि त्यांतले दोघे-तिघे त्यांचे अशील होते. "एक पत्रक काढू," ते म्हणाले, "पण मास्तर, नुसते नियम नका छापू. नियम वाचून कुणाचा हात खिशात गेलाय? या पोरांची स्थिती लिहा. वाचणाऱ्याच्या घशाखाली घास उतरता कामा नये."

मी एका बैठकीत लिहिलं. शहापूरच्या मुलांविषयी चार-चार ओळी झाल्या. गुंजीच्या मुलाशी आलो आणि लेखणीला पाय फुटले. बाप असून नसल्यासारखा. घरी दोन्ही वेळा चूल पेटेल याचा भरवसा नाही. माउली लोकांच्या दारी दळणकांडण करून दिवस काढते. अशा घरातलं हे रत्न आज बेळगावात सात दारी अन्न मागून विद्या मिळवत आहे. खाली मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव.

मी गुंजीला कधी गेलो नव्हतो. त्याच्या घरी काय आहे, किती आहे, कोण कोण आहे, हे मी त्याला विचारलंही नव्हतं. गरिबाचं घर कसं असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती ना. मी माझंच घर लिहिलं, माझीच आई, माझाच बाप, आणि खाली त्याच्या बापाचं नाव घातलं. लिहून झाल्यावर मला रडू आलं आणि लिखाण चांगलं उतरलंय अशी खात्री पटली. वकीलसाहेबांनीही डोळे पुसले. पत्रकं निपाणीला गेली.

त्यानंतरचा तिसरा का चौथा शनिवार. बाजाराचा दिवस. वर्ग सुटला होता, अंधार पडला होता. मी ओसरीवर माझ्या खुर्चीत होतो, पोरगं खाली पानावर होतं, आणि बायको भात वाढत होती. फाटकाशी एक उंच माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, खांद्यावर पोतं. पोरानं मान वर केली आणि त्याचा हात पानावरच थांबला.

"आप्पा," तो म्हणाला.

तो उठायला लागला तशी त्या माणसानं बोटानंच त्याला खाली बसवलं. "जेव. पानावरनं उठू नगंस."

मी उठलो, या म्हटलं, बसा म्हटलं. तो आत आला नाही, बसला नाही, खांद्यावरचं पोतंही त्यानं खाली ठेवलं नाही. बायको आत निघून गेली. पोरगं खाली मान घालून घास गिळत होतं आणि बाप अंगणात उभा राहून बघत होता. पोराचं जेवण झालं. त्यानं पान उचललं, टाकलं, कोपऱ्यातल्या शेणाच्या बादलीत हात घातला आणि जमीन सारवली. मी म्हणालो, "राहू दे रे आज." त्यानं ऐकलं नाही. सारवून, हात धुऊन तो बापाजवळ जाऊन उभा राहिला.

मग बापानं पोतं खाली ठेवलं, पटक्याच्या घडीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "गुरुजी, मला वाचाय येत न्हाय. ह्ये जरा वाचून दाखवा."

पत्रक माझ्या ओळखीचं होतं. मी म्हटलं, "त्यात विशेष काही नाही, वर्गाची माहिती आहे."

"तीच वाचा की."

मी वाचलं. नियम वाचले, शहापूरची मुलं वाचली, आणि पुढं थांबलो. तो म्हणाला, "गुंजीचं बी हाय म्हनं त्यात." मग तेही वाचलं. इतक्या कष्टानं मी आयुष्यात काही वाचलं नाही. स्वतःचे शब्द तोंडातून बाहेर येत नव्हते. संपल्यावर त्यानं विचारलं, "ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"तुमी आमच्या घरला कवा आलता?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"सात खंडी भात हुतंय आमचं. तीन म्हशी हाईत. कुनाचं काय लागत न्हाय आमी. ह्याची आई कुनाच्या दारात दळाय गेलती?" तो आवाज चढवत नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "पोराला शिकवा म्हनून धाडलं. फी न्हाय म्हनालासा, चांगलं झालं म्हटलं. तांदूळ धाडला. ह्यो हितं असा बसून जेवतोय, ह्ये मला आज कळालं."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. पोराच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. चिकोडीच्या एका सोयऱ्यानं जुळवलेलं, निपाणीकडचं तंबाखूवालं घर. नवऱ्या मुलाचा बाप तंबाखू घालायला व्यापाऱ्याच्या वखारीत गेला, आणि तिथं गादीवर बसून कुणीतरी हा कागद चार माणसांत मोठ्यानं वाचत होतं. त्यानं नाव ऐकलं, गाव ऐकलं. त्याच्याकडून या कागदासकट निरोप आला की भीक मागून खाणाऱ्या घरातली मुलगी आम्हाला नको.

"सुपाऱ्या फुटल्यात गुरुजी," तो म्हणाला. त्याचा आवाज तेवढ्या एका वाक्याला हलला.

पोरगं त्याच्यामागून चालू लागलं. मी त्याला हाक मारली, म्हटलं वर्गाची परीक्षा आहे, निदान महिनाभर. बापानं मागं वळून पाहिलं नाही. पोरानं पाहिलं. त्याच्या बगलेत पहिलं इंग्रजी पुस्तक होतं. ते त्यानं ओसरीच्या पायरीवर ठेवलं, नीट पायरीच्या कडेला लावून, आणि गेला. तांदळाचं पोतं अंगणातच राहिलं होतं. ते न्यायला बाप परत आला, खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या रात्री मला एक घर आठवलं. माझ्या सात घरांतलं गुरुवारचं. तिथं मला सगळ्यांचं झाल्यावर वाढायचे, आणि त्या घरचा माझ्याच वर्गातला मुलगा दारात उभा राहून मी किती भात घेतो ते मोजायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचा. पंचवीस वर्षं हे घर मी कुठं पुरून ठेवलं होतं कोण जाणे. ओवाळलं नव्हतं ते याच घरानं, आणि दुसरं कुठलं, ते मला अजूनही आठवत नाही.

सकाळी मी वकीलसाहेबांकडं गेलो आणि म्हटलं, दुसरं पत्रक काढू, लिहू की गुंजीच्या मुलाबद्दलचा मजकूर खोटा आहे, मी माझ्या मनानं लिहिला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "एक खोटा म्हणून सांगितला की बाकीचे आठही खोटे ठरतील. निपाणीचा एक पैसा येणार नाही. वर्ग बंद पडेल. एका पोरासाठी आठ पोरांचं नुकसान करायचं का, हे तुम्ही ठरवा." वकील होते ते. असा प्रश्न घालायचे की उत्तर एकच निघावं. आणि माझं नाव खराब होणार नाही हे त्या उत्तरातच होतं, म्हणून मला ते लवकर पटलं.

मी पत्रक काढलं नाही. नवऱ्या मुलाच्या बापाला एक खासगी पत्र लिहिलं, वळणदार अक्षरात. छापखान्यात खिळे जुळवताना नावांची अदलाबदल झाली, तो मजकूर भलत्याच मुलाचा, गुंजीचं घर खाऊनपिऊन सुखी आहे, क्षमा असावी. वर हायस्कुलाचा शिक्का मारला. छापखान्याच्या मालकाला याचा पत्ताही नव्हता. पत्रकात माझी एक चूक होती, पत्रात दोन झाल्या, पण पत्र लागू पडलं. सोयरीक पुन्हा जुळली, एका अटीवर. मुलीचा भाऊ बेळगावात कुणाच्या दारी दिसता कामा नये.

माघाच्या शेवटी मला लग्नाचं बोलावणं आलं. स्टेशनमास्तरांच्या हातची चिठ्ठी होती, पण बोलावणं बापाचं. त्याला पत्राचं कळलं होतं. मी ठरवलं की जायचं. आणि गाडीत बसल्यावर दुसरी गोष्ट ठरवली. आज मी त्यांच्या पंगतीत बसेन. तोंडानं क्षमा मागायची माझी लायकी नव्हती आणि ते शब्द मला जमलेही नसते. पण सगळ्यांदेखत, निपाणीच्या व्याह्यांदेखत, त्या घरचं शिजलेलं अन्न मी त्यांच्या पानावर जेवलो, तर ते पोराला कळेल. बापालाही कळेल. खानापूर गेलं, जंगल लागलं, आणि मी मनातल्या मनात ते एकच वाक्य घोकत होतो, 'मी पंगतीतच बसतो.'

घर मोठं होतं. माळ्यावर भाताच्या कणग्या होत्या, गोठा भरलेला होता. अंगणभर मांडव. मुलीला मी लांबूनच पाहिलं, मुंडावळ्या बांधलेली, खाली मान घातलेली. तिच्याबद्दल मला एवढंच सांगता येईल. अक्षता पडल्या आणि पंगत बसली. गरम भात, आमटी, गूळ घातलेली गव्हाची हुग्गी. पोरगं भाताची बुट्टी कमरेवर घेऊन वाढत होतं. दोन महिन्यांत ते रापलं होतं. त्याच्या हातांना घट्टे पडले होते.

बाप माझ्याकडं आला. हात जोडले. "गुरुजी, तुमचं वेगळं काढलंय," तो म्हणाला. पडवीत एका नव्या सुपात शिधा मांडला होता. तांदूळ, तूरडाळ, गुळाचा खडा, वाटीत तूप, नारळ, वर हळदकुंकू. त्याच्या मनात कसलाही टोमणा नव्हता. आमच्या लोकांचा मान असाच करायचा, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. शेजारी स्टेशनमास्तर बसले होते, त्यांचा शिधा पंच्यात बांधून तयार. ते मला म्हणाले, "या, बसा इकडं." पंगतीत एक जागा रिकामी होती. पान मांडलेलं होतं. पोरगं त्या रिकाम्या पानापर्यंत आलं, थांबलं आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मग वाटलं, स्टेशनमास्तरांचे साडू आमच्याच गल्लीत राहतात. संध्याकाळच्या आत बातमी पोचेल. बायकोला कोण काय बोलेल, शाळेत कोण काय बोलेल, आमच्या घरच्या श्राद्धाला भटजी येईल की नाही. एवढं सगळं एका क्षणात सुचलं. चांगलं करायचं म्हटलं तर मला असं कधी झटपट सुचलेलं नाही.

मी म्हटलं, "कशाला एवढा त्रास घेतलात," आणि शिध्याच्या सुपाला हात लावला.

पोरगं पुढच्या पानावर गेलं आणि भात वाढू लागलं.

निघताना शिध्याचं गाठोडं स्टेशनापर्यंत त्यानंच आणलं. बापानं सांगितलं होतं. वाटेत मी म्हटलं, "आता लग्न झालं, परत ये. वाराचं मी मोडून टाकलंय, तू तुझा स्वयंपाक कर."

"आप्पा न्हाय म्हनत्यात."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नगा गुरुजी." थोडं चालून तो म्हणाला, "आक्काला जाच व्हईल."

प्लॅटफॉर्मवर आलो. कचेरीत तारेचं यंत्र वाजत होतं, बराच वेळ, लांबलचक तार होती. मी त्याच्या बोटांकडं पाहिलं. गाठोड्याच्या गाठीवर ती स्वस्थ होती. मला राहवलं नाही, मी विचारलं, "काय म्हणतेय?"

"ध्यान न्हाय दिलं गुरुजी," तो म्हणाला. गाठोडं माझ्याजवळ ठेवून त्यानं वाकून नमस्कार केला आणि गाडी यायच्या आतच गेला. घरी अजून एक पंगत उठायची होती.

वर्ग चालू राहिला. निपाणीचे पैसे आले. पण खेड्यातून पुढं एकही अर्ज आला नाही. बातमी वाड्यावस्त्यांवरून फिरली असणार. शहापूरची मुलं एकेक करून मागाकडं परतली. वीस जागा होत्या, त्या भरायला हव्या होत्या, म्हणून आमच्याच गल्लीतली, आमच्याच नात्यागोत्यातली मुलं घेतली. त्यांतल्या बाहेरगावच्यांसाठी वार पुन्हा लावले, आणि त्यांना वारांची लाज वाटत नव्हती. युद्धात रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा वर्ग बंद पडला, आणि त्याबद्दल फारसं कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. माझे नियम वकीलसाहेबांच्या कपाटात होते. पुढं त्यांना वाळवी लागली.

गुंजीहून आलो तो गुरुवार होता. शिधा बायकोच्या हवाली केला. शनिवारी तिनं त्यातला तांदूळ लावला. नवा तांदूळ, घरभर वास दरवळला. ओसरी रिकामी होती, शेणाची बादली अजून कोपऱ्यात होती. मी आत पाटावर बसलो. तिनं पहिला भात वाढला, त्यावर त्यांचंच तूप घातलं आणि म्हणाली, "चांगली माणसं दिसतात हो."

मी "हो" म्हटलं, आणि थोड्या वेळानं आणखी भात मागितला.